बोटं गारठतात, तेव्हा रक्त कुठे जातं?

भाईंदर स्टेशनहून उत्तनची बस पकडा आणि सकाळी सकाळी बंदरावर जा. बोट किनाऱ्याला लागली की मासळी उतरते आणि मासळीबरोबर उतरतो बर्फ. बोट चार दिवस समुद्रात राहणार असेल, तर निघतानाच तिच्यात बर्फ भरून घेतलेला असतो. एक थर बर्फाचा, एक थर मासळीचा, पुन्हा बर्फ, पुन्हा मासळी. म्हणून तर चार दिवसांपूर्वी पकडलेलं पापलेटही बाजारात ताजं लागतं!

आता त्या बर्फातून मासळी काढणाऱ्या मावशींच्या हातांकडे बघा. सुरमई एकीकडे, घोळ दुसरीकडे, कोळंबी तिसरीकडे. बर्फात हात, बर्फाच्या पाण्यात हात, पुन्हा बर्फात हात, असं तास न् तास चालू असतं. आपण फ्रीजमधला बर्फाचा एक खडा हातात धरला, तर मिनिटभरात “आई गं!” म्हणून टाकून देतो. मग या मावशींचे हात हे सगळं कसं सोसतात?

आता दुसरं चित्र. युरोपातला उत्तर समुद्र, महिना जानेवारीचा. पाणी 6-7 अंश सेल्सिअस. वारा घोंघावतोय आणि एक मुलगी पायाखाली फळी घेऊन लाटांवरून सुसाट चाललीय. तिला ओढतोय आकाशातला एक प्रचंड पतंग! या खेळाला काइटबोर्डिंग म्हणतात. वीस-बावीस मीटर लांबीच्या दोऱ्या, त्यांच्या टोकाला हातात धरायचा एक दांडा, कमरेला बांधलेला पट्टा आणि पायाखाली फळी. फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या दोन भावांनी 1984 मध्ये हवा भरलेल्या पतंगाचं पेटंट घेतलं. पाण्यात पडला तरी बुडणार नाही आणि पुन्हा उडवता येईल, असा तो पतंग होता. पुढे हा खेळ जगभर पसरला आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रावर त्याच्या शर्यतीही झाल्या.

उत्तनची मावशी आणि उत्तर समुद्रावरची ती मुलगी एकमेकींना कधी भेटणार नाहीत. पण दोघींचा प्रश्न एकच आहे. गारठलेल्या पाण्यात हात-पाय गरम ठेवायचे कसे? या प्रश्नाचं उत्तर हातात किंवा पायात शोधलंत, तर ते अर्धंच सापडेल. का, ते आता पाहू.

पाणी उष्णता पळवतं ती कशी?

आपल्या शरीराच्या आतलं तापमान साधारण 37 अंश असतं. बाहेरची वस्तू त्याहून गार असली, की उष्णता आपल्याकडून तिच्याकडे वाहू लागते. पण किती वेगानं वाहते, हे त्या वस्तूवर ठरतं. डिसेंबरमधल्या सकाळी घरातला स्टीलचा डबा आणि लाकडी पोळपाट, दोन्हींना हात लावून बघा. दोन्ही रात्रभर एकाच स्वयंपाकघरात होते, म्हणजे दोन्हींचं तापमान सारखंच. तरी डबा जास्त गार लागतो, कारण स्टील तुमच्या बोटांतली उष्णता लाकडापेक्षा कितीतरी झपाट्यानं ओढून घेतं.

हवा आणि पाणी यांच्यातही असाच फरक आहे. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून 25 अंशांच्या हवेत आपण मजेत खेळतो, पण 25 अंशांच्या पाण्यात तास-दोन तास बसलं तर हुडहुडी भरते. हिवाळ्यात उत्तन-गोराईच्या समुद्राचं पाणी साधारण एवढंच असतं, म्हणून आपल्याकडे खेळणाऱ्याला जाड पोशाखाची गरज सहसा पडत नाही. उत्तर समुद्राचं 6-7 अंशांचं पाणी मात्र उघड्या हाताला काही मिनिटांतच बधिर करून टाकतं.

आणि बर्फ? त्याची भूक तर फार मोठी! 1 किलो बर्फ नुसता वितळायला, म्हणजे शून्य अंशाच्या बर्फाचं शून्य अंशाचं पाणी व्हायला, जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं 1 किलो पाणी 80 अंशांपर्यंत तापतं! बर्फात घातलेला हात ही सगळी भूक भागवत असतो. मासळी टिकते ती याच भुकेमुळे आणि बोटं गारठतात तीही याच भुकेमुळे.

एक धोक्याची सूचना इथेच सांगून ठेवतो. भाईंदर म्हणजे मिठागरांचं गाव. लोकलमधून जाताना तुम्ही ती पाहिली असतील. मीठ घातलेला बर्फ साध्या बर्फापेक्षा खूप गार होऊ शकतो, अगदी उणे 21 अंशांपर्यंत. म्हणून तर हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्यात बर्फावर मीठ टाकतात. पण कातडीवर बर्फ आणि मीठ एकत्र धरायचा खेळ कधीही, अगदी कधीही करायचा नाही. त्यानं भाजल्यागत जखम होते आणि गारठ्यानं कातडी बधिर झालेली असल्यामुळे ती होताना कळतही नाही.

बोटंच का आधी गारठतात?

पोट गारठलं, मांडी गारठली, असं आपण सहसा म्हणत नाही. गारठतात ती हातापायांची बोटं, नाक आणि कानाच्या पाळ्या. याचं एक कारण गणितात आहे.

तुमच्या बोटाची जाडी समजा दीड सेंटिमीटर आहे आणि मांडीची 15 सेंटिमीटर. गणित करून पाहिलंत, तर सारख्याच वजनाच्या मांसामागे बोटाला मांडीच्या दहापट कातडी असते. कातडी जास्त म्हणजे उष्णता निसटायला वाट जास्त. शिवाय बोटांत हाडं, शिरा आणि स्नायूंच्या दोऱ्याच जास्त. उष्णता तयार करणारे मोठे स्नायू तिथे नाहीतच. बोटाला ऊब मिळते ती जवळजवळ सगळी रक्तातून, म्हणजे छाती-पोटाकडून आलेली.

दुसरं कारण जास्त थक्क करणारं आहे. थंडी पडली की तुमचं शरीर बोटांकडे जाणारं रक्त मुद्दाम कमी करतं!

मीरा-भाईंदरमध्ये पाणीकपात म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी कमी आलं की चावीवाला काय करतो? काही भागांच्या चाव्या आवळतो, म्हणजे जिथे अगदी गरजेचं आहे तिथे तरी पाणी पोचेल. शरीरात हे काम मेंदू करतो. मेंदूच्या आत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे. कातडीकडून “गार आहे, गार आहे” असे निरोप आले आणि आतलं रक्तही थोडं थंड झालं, की तो हातापायांतल्या रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम सोडतो.

बोटांची टोकं, तळहात, तळपाय, कान आणि नाक इथे काही खास वाटा असतात. रक्त घेऊन येणाऱ्या धमनीतून ते थेट परत नेणाऱ्या शिरेत नेणारे हे आडमार्ग आहेत. उकाड्यात ते सताड उघडे असतात. भरपूर गरम रक्त कातडीजवळून धावतं आणि शरीराची जास्तीची उष्णता बाहेर पडते. थंडीत हेच मार्ग घट्ट मिटतात. मग बोटं फिकट पडतात, कधी निळसर दिसतात आणि गार लागतात.

रक्त जातं कुठे? ते हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं आणि मेंदू यांच्याकडे राहतं. बोट तासभर गार राहिलं तरी चालतं. हृदय मात्र 37 अंशांवरून बरंच खाली गेलं, तर जीवावर बेततं. म्हणून बोटं गारठतात तेव्हा शरीर हरलेलं नसतं. ते तुमचा जीव सांभाळत असतं.

यातूनच आपल्या प्रश्नाचं मोठं उत्तर निघतं. हात-पाय गरम ठेवायचे असतील, तर आधी छाती, पोट आणि डोकं गरम ठेवा. मधला भाग उबदार आहे याची मेंदूला खात्री पटली, की तो बोटांच्या चाव्या पुन्हा सैल करतो. कितीही जाड हातमोजे घाला, छाती गारठलेली असेल तर त्या मोज्यांत गरम रक्त पोचणारच नाही. मोजा स्वतः उष्णता तयार करत नाही, आलेली उष्णता फक्त धरून ठेवतो!

करून पाहा: बोटं हलवतं कोण?

डाव्या हातानं उजवं मनगट ते कोपर हा भाग हलकेच धरा. आता उजव्या हाताची मूठ करा, उघडा, बोटं एकामागून एक हलवा. डाव्या हाताला काही जाणवलं? आतले स्नायू वळवळतायत!

मूठ घट्ट आवळणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते असतात कोपराखालच्या हातात. तिथून लांब लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत गेलेल्या असतात. तळहातात काही छोटे स्नायू आहेत, ते बोटं फाकवायचं, जवळ आणायचं आणि नाजूक हालचालींचं काम करतात.

म्हणून नुसती बोटं झाकून भागत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात गारठला, तर पकड ढिली पडते. बाहीची कड आणि हातमोजा यांच्यामध्ये उघडं मनगट राहिलं, तर तिथून पाणी आत शिरतं आणि कातडीजवळून धावणारं रक्त बोटांत पोचायच्या आधीच गार होतं. थंड पाण्यात खेळणारे लोक मोज्याची कड आणि बाही एकमेकांवर नीट चढवून घेतात, ते म्हणूनच.

गारठ्याचा परिणाम मज्जातंतूंवरही होतो. गार झालेला मज्जातंतू निरोप हळू पोचवतो. हाताच्या कातडीचं तापमान 15 अंशांच्या खाली गेलं, की बोटांची सफाई कमी व्हायला लागते. शर्टाचं बटण लागत नाही, गाठ सुटत नाही. आणखी खाली गेलं, की स्पर्शही नीट कळेनासा होतो. काइटबोर्डिंग करणाऱ्याला हे फार महागात पडू शकतं. वारा अचानक वाढला तर पतंगाची ओढ तोडायला दांड्याजवळ एक सुटकेची कळ असते. बोटं बधिर झाली आणि ती कळ दाबताच आली नाही, तर? गरम हात ही तिथे चैन नसते, ती जीव वाचवणारी गोष्ट असते.

आपल्या मातीतले दोन पोहणारे

थंड पाण्याशी झुंजणारी माणसं आपल्या महाराष्ट्रातही आहेत. जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या आणि खाड्या पोहून जाण्याचं एक आव्हान आहे, त्याला ओशन्स सेव्हन म्हणतात. इंग्लिश खाडी, आयर्लंड आणि स्कॉटलंडमधली नॉर्थ चॅनेल, न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी, जपानची त्सुगारू, जिब्राल्टर, कॅलिफोर्नियाजवळची कॅटलिना आणि हवाईमधली मोलोकाई, अशा या सात. पुण्याच्या रोहन मोरे यानं फेब्रुवारी 2018 मध्ये कुक सामुद्रधुनी पार करून हे सातही टप्पे पूर्ण केले. हे करणारा तो आशियातला पहिला. पुढे मार्च 2023 मध्ये नवी मुंबईच्या प्रभात कोळी यानंही सातवा टप्पा पूर्ण केला. तेव्हा तो 23 वर्षांचा होता.

यांतली नॉर्थ चॅनेल सर्वांत गार समजली जाते, उन्हाळ्यातही साधारण 12 ते 14 अंश. आणि नियम काय? अंगात उबदार पोशाख घालायचाच नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी आणि गॉगल. बस्स!

मग ते गरम राहतात कसे? सतत हात-पाय मारून. स्नायू काम करतात तेव्हा अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा साधारण चौथा भागच हालचालीसाठी वापरला जातो. उरलेले तीन भाग उष्णता होऊन बाहेर पडतात. म्हणजे आपले स्नायू हीच आपली शेगडी. पोहणारे मधूनमधून बोटीवरून दिलेलं गरम पेय पितात, पण बोटीला हात लावत नाहीत. सोबतच्या बोटीतली माणसं सारखी त्यांच्या हातांकडे बघत असतात. पोहताना बोटं जुळवून ठेवता येईनाशी झाली आणि फाकून वाकडी राहायला लागली, की ते ओळखतात की तळहातातले छोटे स्नायू गारठलेत. आता जास्त लक्ष द्यायला हवं.

बर्फात बसलेल्या बोटाचं गुपित

आता पुन्हा उत्तनच्या मावशींकडे येऊ. लंडनमधला डॉक्टर थॉमस लुईस यानं 1930 मध्ये एक गंमत नोंदवली. बोट बर्फाच्या पाण्यात घातलं की पहिल्यांदा ते झपाट्यानं गार होतं आणि ठणकतं. पण पाच-दहा मिनिटांनी, पाणी तितकंच गार असताना, बोट आपोआप थोडं गरम होतं! आवळलेल्या रक्तवाहिन्या अचानक सैल पडतात आणि गरम रक्ताची एक लाट बोटात येते. मग त्या पुन्हा आवळतात, पुन्हा सैल पडतात. असं गार-गरम, गार-गरम चालू राहतं. बोट गोठून निकामी होऊ नये, याची ही शरीरानं केलेली सोय असावी.

1960 मध्ये कॅनडातल्या जाक लब्लां आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅस्पे भागातल्या मच्छीमारांना तपासलं. हे लोक वर्षानुवर्षं थंड समुद्राच्या पाण्यात उघड्या हातांनी काम करत होते. हात गार पाण्यात घातल्यावर त्यांच्या बोटांत इतरांपेक्षा जास्त ऊब राहत होती आणि त्यांना दुखतही कमी होतं. 1962 मध्ये ब्रिटनमध्ये मासे कापायचं काम करणाऱ्यांची अशीच तपासणी झाली. त्यांच्या बोटांत ती गरम रक्ताची लाट इतरांपेक्षा लवकर येत होती.

म्हणजे गार पाण्याची सवय हातांना होऊ शकते. जगातल्या शास्त्रज्ञांनी हे मच्छीमारांच्या हातांकडूनच शिकून घेतलं. उत्तन, पाली, चौकच्या बंदरांवर बर्फ हाताळणाऱ्या हातांमागेही वर्षानुवर्षांची मेहनत आहे, त्यांच्याकडे नाजूक यंत्राइतक्या आदरानं बघायला हवं. पण सवय झाली म्हणून त्रास होत नाही, असं मात्र नाही. सततच्या गार पाण्यानं कातडी फुटते, सांधे आखडतात. रबरी हातमोजे, आत सुती मोजे, मधूनमधून सुकवलेले हात आणि पायाखाली ओल्या फरशीऐवजी लाकडी फळी, या साध्या गोष्टींचा खूप उपयोग होतो.

कुरव पक्ष्याचे पाय

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पांढरे-करडे कुरव पक्षी थव्यानं येतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव मध्य आशियाच्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी घरटी करतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं दिसतं, म्हणून ओळखायला जरा फसगत होते. अशा पक्ष्यांच्या पायांवर ना पिसं, ना चरबी. मग बर्फासारख्या गार पाण्यात उभे राहूनही त्यांची उष्णता संपून कशी जात नाही?

त्यांच्या पायात गरम रक्त खाली नेणाऱ्या धमन्या आणि गार रक्त वर आणणाऱ्या शिरा अगदी चिकटून असतात. खाली जाणारं गरम रक्त आपली उष्णता शेजारच्या वर येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच देऊन टाकतं. पायापर्यंत पोचतं ते जेमतेम कोमट रक्त आणि पोटात परततं ते पुन्हा गरम झालेलं रक्त. पाय गार राहतात, पण पक्षी उबदार राहतो.

आपल्या हातातही ही व्यवस्था थोडीफार आहे. उन्हाळ्यात मनगटाच्या वर, हाताच्या मागच्या बाजूला हिरव्या-निळ्या शिरा फुगलेल्या दिसतात ना? कडाक्याच्या थंडीत त्या जवळजवळ दिसेनाशा होतात. रक्त वरच्या शिरांऐवजी खोलवरच्या शिरांतून परत जातं. त्या शिरा धमन्यांना लागून असल्यामुळे उष्णता आतल्या आत वाचते. आजोबांच्या हाताकडे मे महिन्यात आणि जानेवारीत बघा, फरक लगेच कळेल.

बुडबुड्यांचा पोशाख

थंड समुद्रावर काइटबोर्डिंग करणारे काळा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घालतात. त्याला वेटसूट म्हणतात. तो निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा असतो. हे रबर 1930 मध्ये अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. 1951-52 च्या सुमारास कॅलिफोर्नियातला भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी उबदार कपडा शोधत होता. तोपर्यंत सगळे म्हणत, गरम राहायचं तर अंग कोरडं हवं. ब्रॅडनरच्या लक्षात आलं, की अंग ओलं झालं तरी चालेल, फक्त अंग आणि बाहेरचं पाणी यांच्यामध्ये वायूचा थर हवा.

निओप्रीनच्या आत वायूचे असंख्य बारीक बुडबुडे असतात. वायूतून उष्णता फार हळू जाते, हे आपण आधी पाहिलंच. पोशाखाच्या आत थोडं पाणी शिरतं. अंगानं ते एकदा तापवलं की ते तिथेच राहतं. पोशाख सैल असला तर हे तापलेलं पाणी सारखं बाहेर जातं आणि गार पाणी आत येतं. मग सगळी मेहनत वाया! आणि फार आवळला तर बोटांकडे जाणारं रक्तच अडतं. म्हणजे माप अगदी बरोबर हवं.

आता हातमोज्यांचं कोडं. जितका मोजा जाड, तितकी ऊब जास्त? काही अंशी खरं. पण बोट बारीक असतं, त्यामुळे त्यावर जाड थर चढवला की बाहेरची बाजूही मोठी होते आणि उष्णता निसटायला जास्त जागा मिळते. शिवाय जाड मोजा घालून दांडा धरायचा, म्हणजे दर वेळी ते रबरही वाकवायचं. थोड्याच वेळात कोपराखालचा हात दुखायला लागतो. दुखतो म्हणून खेळाडू दांडा आणखी घट्ट आवळतो, आवळल्यानं बोटांत रक्त कमी जातं आणि बोटं आणखी गारठतात.

यावर उपाय? बोटं आधीच वाकलेली राहतील अशा आकारात शिवलेले मोजे. किंवा चारही बोटं एकाच कप्प्यात ठेवणारे मोजे, ज्यात बोटं एकमेकांना ऊब देतात आणि बाहेरची कातडी कमी राहते. काही मोज्यांना तळहाताकडे मोकळी जागा असते, म्हणजे दांडा उघड्या हातानं धरता येतो आणि वाऱ्याकडची बाजू झाकलेली राहते. पायांसाठी निओप्रीनचे बूट असतात. त्यातही बोटं हलवायला जागा लागते, कारण हलणारी बोटं रक्त खेळतं ठेवतात. पाण्यात उतरायच्या आधी बुटात थोडं कोमट पाणी ओतलं, तर आतलं पाणी तापवायचं पायांचं काम वाचतं.

वाऱ्याचा वाटा

काइटबोर्डिंगला जोराचा वारा लागतोच आणि ओल्या हातावर वारा लागला की पाण्याची वाफ होते. त्या वाफेला उष्णता लागते. 1 ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सात पट उष्णता 1 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला लागते! ती जाते तुमच्या कातडीतून. म्हणून बाहेरून गुळगुळीत निओप्रीन वापरतात. त्यावर पाणी थांबत नाही, निथळून जातं आणि वाऱ्याला वाफ करायला फारसं काही उरत नाही. पहाटे बोटीवर जाळं ओढणाऱ्या माणसाला समुद्राच्या पाण्यापेक्षा ओल्या अंगाला लागणारा वाराच जास्त झोंबतो, त्याचं कारणही हेच.

करून पाहा: दोन मोजे, एक बादली

मोठं माणूस जवळ हवं. एका बादलीत पाणी आणि भरपूर बर्फ घ्या. एका हातावर प्लास्टिकची साधी पिशवी चढवा. दुसऱ्या हातावर आधी वस्तूंना गुंडाळून येणारं फुगेवालं प्लास्टिक गुंडाळा आणि वरून तशीच पिशवी चढवा. पिशवीत पाणी शिरू देऊ नका. दोन्ही हात एकदम मिनिटभर बुडवा. कोणता हात आधी कुरकुरतो? त्यावरून ब्रॅडनरला काय सुचलं होतं, ते तुमच्या बोटांना समजेल. दुखायला लागलं की लगेच हात बाहेर!

यानंतर शर्टाचं बटण लावायला किती वेळ लागतो, ते मोजा. गरम हातांनी किती लागतो, तेही मोजा.

बोटं गारठली तर?

शाळेच्या सहलीला, मनालीच्या बर्फात किंवा पहाटेच्या माथेरानात बोटं गारठली, तर एवढं लक्षात ठेवा.

पहिलं काम हातांचं नव्हे, अंगाचं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, कानटोपी चढवा, काहीतरी खा, गरम काही प्या, चाला. हात काखेत धरा. दोन्ही हात मोकळे सोडून खांद्यापासून जोरजोरात गोल फिरवा, म्हणजे रक्त बोटांच्या टोकांकडे ढकललं जातं. पायांसाठी बुटाची नाडी थोडी सैल करा, मोजे कोरडे घाला आणि बोटं हलवत राहा. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केलात, तर पाय आणखी गारठतील.

बधिर हात कढत पाण्यात घालू नका. कातडीला पाणी किती तापलंय हे कळत नसतं आणि हात भाजतो. आधी अंग, मग कोमट पाणी. ऊब परत येताना बोटं चांगलीच ठणकतात, ते रक्त परतल्याचं लक्षण आहे. पण एखाद्याची बोटं साध्या थंडीतही एकदम पांढरीफटक पडत असतील, बराच वेळ पूर्ववत होत नसतील, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आता तुमच्यासाठी एक कोडं. सकाळी शाळेत निघताना दोघी बहिणींना थंडी वाजतेय. घरात एकच हातमोज्यांचा जोड आणि एकच लोकरी बनियन शिल्लक आहे. मोठीनं मोजे घेतले, धाकटीनं बनियन घातलं. तासाभरानं कुणाची बोटं जास्त उबदार असतील? उत्तर या लेखातच आहे, पण नुसतं वाचून मानू नका. येत्या थंडीत मित्राला घेऊन करून बघा, बोटांत थर्मामीटर धरून मोजा, तीन-चार दिवस आकडे वहीत लिहा आणि मगच ठरवा.